चेकवरचं एन.ए. आणि भाजीच्या आडत्याने काढलेली बँक

माझी भाची न्यू जर्सीत असते, नोकरीला लागून दोन वर्षं झाली तिला. परवा व्हिडिओ कॉलवर विचारत होती, मावशी माझ्या चेकवर "बँक ऑफ अमेरिका, एन.ए." असं छापलंय आणि ऑफिसमधला एक जण मला शेअर्स घे म्हणतोय ते "बँक ऑफ अमेरिका कॉर्पोरेशन"चे, मग या दोन वेगळ्या बँका आहेत का, आणि माझे पैसे नक्की आहेत कोणाकडे? प्रश्न फार चांगला आहे, आणि याचं नीट उत्तर द्यायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं, कारण अमेरिकेत "बँक होल्डिंग कंपनी" हा जो प्रकार आहे त्याचा कायदाच मुळात याच बँकेच्या घराण्याला आवरायला केला होता. तिला फोनवर अर्धवट सांगितलं, इथे सविस्तर लिहिते.

आधी होल्डिंग कंपनी म्हणजे काय ते बघू. एक मोठा वाडा डोळ्यासमोर आणा, मालक एकच पण आत चुली वेगवेगळ्या. एका चुलीवर बँक चालते, म्हणजे लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि कर्जं द्यायची, दुसरीवर शेअर ब्रोकर, तिसरीवर आणखी काही. वाड्याचा जो मालक तो स्वतः ठेवी घेत नाही, काउंटर मांडून बसत नाही, त्याच्याकडे फक्त या सगळ्या धंद्यांची मालकी असते. हा मालक म्हणजे होल्डिंग कंपनी. भाचीच्या बाबतीत "बँक ऑफ अमेरिका कॉर्पोरेशन" हा वाड्याचा मालक, त्याचे शेअर्स न्यूयॉर्कच्या बाजारात मिळतात, आणि "बँक ऑफ अमेरिका, एन.ए." ही वाड्यातली सगळ्यात मोठी चूल, खरी बँक. एन.ए. म्हणजे नॅशनल असोसिएशन, राज्य सरकारकडून नाही तर केंद्राकडून लायसन्स घेतलेली बँक. मेरिल म्हणून जे नाव ऐकतो ती शेअर्स आणि गुंतवणुकीची चूल.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे उलटं असतं. स्टेट बँक वर आणि एसबीआय लाइफ, एसबीआय कार्ड या कंपन्या तिच्या खाली, म्हणजे बँकच आई आणि बाकीची मुलं. अमेरिकेत बँक हीच मुलगी, आई वेगळी. त्यामुळे देखरेख करणारेही वेगवेगळे, मालक कंपनीवर फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचं लक्ष, नॅशनल बँकेवर ओसीसी नावाच्या सरकारी खात्याचं, ब्रोकरवर शेअर बाजाराच्या नियामकाचं, आणि ठेवींचा विमा एफडीआयसीकडे. एकाच लोगोच्या मागे एवढी खाती बघून गोंधळ होतोच, पण प्रत्येक भिंत कधीतरी कुठल्यातरी भांडणातून उभी राहिलेली आहे, आणि ते भांडण कळलं की भिंत आपोआप समजते.

आता मूळ गोष्ट. अमेदेओ पीटर जियानिनी, जन्म १८७० चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा, आईवडील इटलीहून आलेले. हा लहान असतानाच पैशांच्या किरकोळ वादातून एका मजुराने त्याच्या वडिलांना गोळी घातली. आईने पुढे लोरेन्झो स्काटेना नावाच्या माणसाशी लग्न केलं आणि या सावत्र वडिलांचं सॅन फ्रान्सिस्कोत भाजी-फळांचं आडत दुकान होतं. आडत म्हणजे आपण वाशी किंवा मार्केट यार्डात बघतो तेच हो, शेतकऱ्याचा माल आडत्याकडे यायचा, आडत्या तो विकून देणार आणि कमिशन घेणार. पोरगं शाळा सोडून पंधराव्या वर्षी पूर्णवेळ दुकानात लागलं, रात्री-पहाटे बंदरावर माल उतरायचा तिथे हजर, दिवसा खोऱ्याखोऱ्यातून शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन माल ठरवायचा. कोणाची बाग कशी आहे, कोण शब्दाला पक्का, कोणाच्या घरात आजारपण आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ. ३१ व्या वर्षी त्याने आपला हिस्सा विकून टाकला, पुरेसा पैसा झाला म्हणून.

मग सासरे वारले आणि त्यांच्या जागी हा एका छोट्या बचत बँकेच्या संचालक मंडळावर गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं की बँक मोठ्या व्यापाऱ्यांनाच कर्ज देते, मासे विकणारा, न्हावी, भाजीवाला, नुकताच बोटीतून उतरलेला इटालियन मजूर यांच्याकडे ढुंकून बघत नाही आणि ही माणसं नाइलाजाने सावकाराकडे जातात. त्याने भांडण केलं, ऐकेनात, तर राजीनामा देऊन समोरच्याच बाजूला एका जुन्या दारूच्या गुत्त्याची जागा घेऊन स्वतःची बँक काढली. १७ ऑक्टोबर १९०४, नाव बँक ऑफ इटली. पहिल्या दिवशी जमा ठेवी ८,७८० डॉलर. त्या काळी बँकेने लोकांकडे जाऊन खातं उघडा म्हणणं कमीपणाचं समजायचे, हा मात्र रस्त्यात लोकांना थांबवून त्यांच्याच भाषेत सांगायचा की गादीखालचे पैसे माझ्याकडे आण. मला या माणसाची हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, त्याने बँकेत आडत्याची नजर आणली, तारण किती आहे त्याच्या आधी माणूस कोण आहे ते बघायचं.

आणि मग भूकंप. १८ एप्रिल १९०६, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं. हा तेव्हा शहराबाहेर सॅन माटेओला राहायचा, सतराएक मैलांवर. ट्रेन मधेच अडकली तसा उतरून चालत निघाला, दुपारपर्यंत बँकेत पोचला तर नोकरांनी बँक नेहमीसारखी उघडून ठेवलेली! शहराला आग लागलेली, पाण्याच्या लाइन फुटलेल्या, आग आपल्याकडे येणार हे त्याने ओळखलं. सावत्र वडिलांच्या आडतीतून घोडागाड्या आणल्या, त्यात बँकेचं सगळं सोनं-नाणं, साधारण ८०,००० डॉलरचं, आणि कागदपत्रं भरली, वर संत्र्याची खोकी रचली म्हणजे लुटारूंना वाटावं फळं चाललीत, आणि अंधार पडल्यावर रातोरात घरी नेऊन शेकोटीच्या खालच्या राखेच्या खड्ड्यात लपवलं. पुढे कितीतरी दिवस त्या पैशांना संत्र्याचा वास यायचा म्हणतात.

इथे एक बारीक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या बँकांच्या तिजोऱ्या आगीतून वाचल्या होत्या, पण लोखंड आतून इतकं तापलेलं होतं की लगेच दार उघडलं असतं तर हवा आत जाऊन नोटांनी पेट घेतला असता, म्हणून त्या गार होईपर्यंत थांबावं लागणार होतं. म्हणजे पैसा आहे पण हाताला लागत नाही. आणि या आडत्याने धक्क्यावर दोन पिंपांवर फळी टाकून टेबल केलं आणि घर बांधायला, होडी दुरुस्त करायला लोकांना कर्ज द्यायला सुरुवात केली, कागद जळालेले म्हणून चेहरा आणि हात बघून. राबलेला हात असेल तर माणूस खरा, असा त्याचा हिशोब. ती सगळी कर्जं परत आली असं सांगतात. बँक अडचणीत येते तेव्हा खरा प्रश्न पैसा आहे की नाही हा नसतो, आत्ता या क्षणी देता येतो का हा असतो, आणि हे लक्षात ठेवा कारण शंभर वर्षांनी हाच प्रश्न परत येणार आहे.

आता ब्रँचचा मुद्दा. अमेरिकेत तेव्हा, आणि नंतरही खूप वर्षं, बँकेला वाटेल तिथे शाखा काढता येत नसे. दुसऱ्या राज्यात तर नाहीच, कित्येक राज्यांत शेजारच्या गावातही नाही. एक बँक, एक इमारत. लोकांना भीती होती की न्यूयॉर्कचे धनदांडगे गावोगावचा पैसा ओढून नेतील, आणि गावातल्या छोट्या बँकवाल्यांनाही स्पर्धा नकोच होती. याचा तोटा असा की गावात दुष्काळ पडला, पीक गेलं की शेतकरी बुडतो आणि त्याच्याबरोबर बँकही, कारण तिची सगळी अंडी एकाच टोपलीत. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या त्याचं एक मोठं कारण हेच.

कॅलिफोर्नियाने मात्र १९०९ मध्ये राज्याच्या आत शाखांना परवानगी दिली आणि जियानिनीने त्याच वर्षी सॅन होजेला, आपल्या जन्मगावी, शाखा टाकली. मग गावामागून गाव, बुडायला आलेल्या छोट्या बँका विकत घ्यायच्या आणि त्यांच्या शाखा करायच्या. एका खोऱ्यात द्राक्षं गेली तर दुसऱ्या खोऱ्यातल्या कापसाने भरून निघायचं. राज्य भरलं तसं पुढे काय, तर राज्याबाहेर शाखा काढता येत नाही पण एखाद्या कंपनीने दुसऱ्या राज्यातल्या बँकेचे शेअर्स विकत घ्यायला कोण अडवतंय? म्हणून १९२८ मध्ये ट्रान्सअमेरिका कॉर्पोरेशन, म्हणजे वाड्याचा मालक. बँका वेगवेगळ्या राज्यात, कागदावर स्वतंत्र, मालक एक. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधली बँक ऑफ अमेरिका नावाची बँक घेतली आणि १९३० मध्ये बँक ऑफ इटलीचं नाव बदलून बँक ऑफ अमेरिका केलं. मधे एकदा त्याने नेमलेल्याच माणसाने, एलिशा वॉकरने, मंदीत ट्रान्सअमेरिका तोडून विकायला काढली, तेव्हा निवृत्त झालेला जियानिनी परत आला, गावोगाव फिरून छोट्या शेअरहोल्डरांच्या सभा घेतल्या आणि १९३२ च्या फेब्रुवारीत मतदानात कंपनी परत जिंकली. ते शेअरहोल्डर कोण, तर तेच भाजीवाले आणि द्राक्ष बागायतदार. गोल्डन गेट पुलाचे रोखे कोणी घेईना तेव्हाही याच बँकेने हात दिला. दुसरं महायुद्ध संपता संपता ती जगातली सगळ्यात मोठी बँक झाली होती. आणि १९४९ मध्ये हा माणूस गेला तेव्हा त्याची स्वतःची इस्टेट पाच लाख डॉलरपेक्षाही कमी होती, जास्त पैसा माणसाला गुलाम करतो असं त्याचं मत आणि तसंच तो वागला.

पण वॉशिंग्टनमध्ये या पसाऱ्याची धास्ती होती. बँका, विमा, आणखी कायकाय, सगळं एका मालकाखाली. फेडरल रिझर्व्हने १९४८ मध्ये ट्रान्सअमेरिकावर मक्तेदारीची केस केली, १९५३ मध्ये अपील कोर्टात फेड हरलं. मग जे कोर्टात जमलं नाही ते संसदेतून केलं, १९५६ चा बँक होल्डिंग कंपनी कायदा. त्यात दोन मुख्य गोष्टी, एक म्हणजे बँक आणि बँकेशी संबंध नसलेला धंदा एका वाड्यात ठेवायचा नाही, आणि दुसरी, त्या राज्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्या राज्यातली बँक विकत घ्यायची नाही. ट्रान्सअमेरिकाने तोवर बँक ऑफ अमेरिकाचे आपले शेअर्स सोडून दिलेले होते, आता उरलेल्या बँकाही वेगळ्या काढाव्या लागल्या आणि तिने विमा स्वतःकडे ठेवला. सॅन फ्रान्सिस्कोत तो टोकदार पिरॅमिडसारखा टॉवर फोटोत बघितला असेल ना, तो ट्रान्सअमेरिकानेच बांधलेला, आणि जियानिनीचा तो जुना गुत्ता जिथे होता त्याच्यापासून अगदी चार पावलांवर. वेगळ्या काढलेल्या बँकांचं पुढे फर्स्ट इंटरस्टेट झालं, ते नाव लक्षात ठेवा.

आता तुमच्या घरातलं चेकबुक काढा, कुठल्याही बँकेचं असो, स्टेट बँक, महाराष्ट्र बँक, सारस्वत, काहीही. खाली पांढऱ्या पट्टीवर जे विचित्र आकाराचे, कुठे जाड कुठे बारीक असे आकडे असतात ना, त्यांची सुरुवात या बँकेत झाली. १९५० च्या आसपास बँक ऑफ अमेरिकात चेक इतके येत होते की हाताने नोंदी करता करता बँकेला दुपारी लवकर दारं बंद करावी लागायची, आणि नोंदी करणाऱ्या बहुतेक तरुण मुली, त्या कामाला कंटाळून सोडून जायच्या. म्हणून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला काम दिलं, त्यांनी एर्मा नावाचं मशीन १९५५ मध्ये दाखवलं आणि चुंबकीय शाईतले आकडे वाचायची पद्धत काढली. वर शिक्का पडला, शाई सांडली तरी मशीनला आकडा वाचता येतो कारण ते बघत नाही, चुंबकाने ओळखतं. तीच एमआयसीआर लाइन आपल्या चेकवर आजही आहे.

दुसरी गोष्ट कार्ड. सप्टेंबर १९५८ मध्ये फ्रेस्नो या शेतीच्या गावात बँकेने साठ हजारांवर लोकांना, कोणी मागितलेलं नसताना, पोस्टाने क्रेडिट कार्डं पाठवून दिली. विचार असा की दुकानदार म्हणतो गिऱ्हाइकाकडे कार्ड नाही तर मी मशीन का ठेवू, आणि गिऱ्हाईक म्हणतं दुकानदार घेत नाही तर कार्ड कशाला, मग एका फटक्यात सगळ्या गावाकडे कार्ड देऊन टाका. अंदाज होता चार टक्के लोक वेळेवर पैसे भरणार नाहीत, निघाले बावीस टक्के, चोऱ्या वेगळ्याच, पहिल्या सव्वा वर्षात लाखो डॉलर गेले. पण बँक टिकून राहिली, काही वर्षांत ते फायद्यात आलं, इतर बँकांना लायसन्स दिलं आणि १९७६ मध्ये त्या कार्डाचं नाव व्हिसा झालं. हो, तेच व्हिसा, आपल्या खिशातलं.

इथून उतार. ८० च्या दशकात लॅटिन अमेरिकेतल्या देशांना दिलेली कर्जं अडकली, देशातली शेती आणि जमिनीवरची कर्जं बिघडली, बँक वर्षामागून वर्ष तोट्यात. १९८६ मध्ये तिला गिळायला कोण पुढे आलं असेल, तर फर्स्ट इंटरस्टेट, म्हणजे जियानिनीच्याच वाड्यातून कायद्याने वेगळी काढलेली भाऊबंदकी! ते जमलं नाही, बँक कशीबशी सावरली.

दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये, एनसीएनबी नावाची बँक होती, फार कोणाला माहीत नसलेली. तिचा प्रमुख ह्यू मॅकॉल, माजी मरीन सैनिक, टेबलावर काचेचा हातबॉम्ब ठेवणारा माणूस. याला राज्याबाहेर पडायचं होतं पण १९५६ चा कायदा आडवा. मग त्यांच्या वकिलाला आठवलं की १९७२ मध्ये आपण फ्लोरिडात एक छोटी ट्रस्ट कंपनी घेतलेली आहे, फ्लोरिडाने दारं बंद करायच्या आधी, आणि जो आधीपासून आत आहे त्याला बंदी लागू नाही. त्या फटीतून १९८२ मध्ये लेक सिटी नावाच्या गावातली चिमुकली बँक घेतली आणि फ्लोरिडा उघडलं. मग १९८८ मध्ये टेक्सासमधली बुडालेली मोठी बँक सरकारकडून घेतली, १९९१ मध्ये आणखी एक मोठं विलीनीकरण करून नाव नेशन्सबँक ठेवलं. १९९४ मध्ये रीगल-नील कायद्याने राज्यांच्या सीमा शेवटी उघडल्या आणि १९९८ मध्ये नेशन्सबँकने सॅन फ्रान्सिस्कोची बँक ऑफ अमेरिका घेतली. म्हणजे खरं बघता शार्लटने कॅलिफोर्निया विकत घेतलं, नाव मात्र जियानिनीचं ठेवलं कारण त्या नावाला किंमत होती. मुख्यालय आजही शार्लटलाच आहे, सॅन फ्रान्सिस्कोत नाही, याचं अनेकांना नवल वाटतं.

नंतर फ्लीटबॉस्टन २००४ मध्ये, क्रेडिट कार्डवाली एमबीएनए २००६, शिकागोची लासाल २००७, खरेदीच खरेदी.

आता धंदा कसा चालतो ते सांगते, आणि हे भाचीच्या खात्यावरूनच सांगते. तिच्या साध्या सेव्हिंग्जवर व्याज आहे ०.०१ टक्का. १०,००० डॉलर वर्षभर ठेवले तर एक डॉलर. तेच पैसे बँक गृहकर्जात, कार्डात, कंपन्यांच्या कर्जात, सरकारी रोख्यांत घालते आणि तिथे कितीतरी पट मिळतं. हा जो व्याजाचा फरक तोच मुख्य कणा. २०२३ मध्ये साधारण ९८ अब्ज डॉलर उत्पन्न, त्यातले जवळपास ५७ अब्ज हे या फरकाचे, बाकी कार्डाची फी, मेरिलमधली गुंतवणूक सल्ल्याची फी, शेअर-रोख्यांचं ट्रेडिंग, कंपन्यांचे इश्यू वगैरे, आणि सगळा खर्च जाऊन नफा साधारण २६.५ अब्ज. एवढ्या कमी व्याजावर लोक पैसे का ठेवतात, तर पगार तिथे येतो, ॲप सवयीचं आहे, एटीएम कोपऱ्यावर आहे. लहान लहान खात्यांचा हा प्रचंड ढीग, जियानिनीने गादीखालून काढायला लावले तेच पैसे, आजही तिची सगळ्यात मोठी ताकद आहे.

त्याचा पुरावा २०२३ मध्ये दिसला. कोविडच्या काळात ठेवी धो धो आल्या तेव्हा बँकेने त्यातले शेकडो अब्ज डॉलर लांब मुदतीच्या, कमी व्याजाच्या रोख्यांत घातले. नंतर व्याजदर वाढले. आता तुमच्याकडे दीड-दोन टक्क्याचा रोखा आहे आणि बाजारात नवीन पाच टक्क्याचा मिळतोय तर तुमचा जुना पूर्ण किमतीला कोण घेणार, म्हणून त्याचा भाव पडतो. २०२३ च्या सप्टेंबर अखेरीस हा कागदावरचा तोटा १३० अब्ज डॉलरच्या वर होता. त्याच वर्षी मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक याच दुखण्याने दोन दिवसांत कोसळली, तिचे ठेवीदार मोठे आणि एकमेकांना ओळखणारे, सगळे एकदम दाराशी आले. इथे मात्र कोट्यवधी लहान ठेवीदार जागचे हलले नाहीत, रोखे विकायची वेळच आली नाही, मुदत संपली की पूर्ण पैसे परत येणार. पैसा आहे की नाही यापेक्षा आत्ता मागायला कोण येतंय, तोच १९०६ चा प्रश्न.

आणि आता २००८, जे लिहिताना मला अजून त्रास होतो. कंट्रीवाइड ही कॅलिफोर्नियाचीच गृहकर्ज कंपनी, देशातली सगळ्यात मोठी. तिने उत्पन्नाचे कागद धड न बघता कर्जं वाटली, सुरुवातीला हप्ता कमी आणि मग अचानक दुप्पट असली कर्जं, आणि ती गठ्ठे बांधून गुंतवणूकदारांना विकून टाकली, त्यामुळे समोरचा माणूस फेडेल का याची काळजी करायचं तिला कारणच उरलं नाही. जियानिनीही कागद बघत नव्हता, पण तो माणूस बघत होता आणि कर्ज स्वतःच्या वहीत ठेवत होता. इथे ना कागद, ना माणूस, ना वही. अशी कंपनी बँक ऑफ अमेरिकाने जानेवारी २००८ मध्ये साधारण ४ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, स्वस्तात मिळतेय म्हणून. माझ्या मते या बँकेच्या इतिहासातली ही सगळ्यात वाईट खरेदी, कारण धंद्याबरोबर त्याची सगळी पापंही वाड्यात आली.

सप्टेंबरच्या त्या शनिवार-रविवारी लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडत होती, आणि बँक ऑफ अमेरिकाचे तेव्हाचे प्रमुख केन लुईस यांनी लेहमनऐवजी मेरिल लिंच उचलली, ५० अब्ज डॉलरला, सोमवारी १५ तारखेला जाहीर. पुढच्याच आठवड्यात गोल्डमन सॅक्स आणि मॉर्गन स्टॅनली या गुंतवणूक बँकांनीही घाईघाईने बँक होल्डिंग कंपनी व्हायचा अर्ज केला आणि तो लगेच मंजूर झाला, कारण तो शिक्का असला की फेडच्या छत्राखाली कायमची जागा मिळते, अडीअडचणीला पैसा मिळतो. ज्या पाटीचा ५० वर्षांपूर्वी बँकांना आवर घालायला उपयोग केला तीच पाटी आता आसरा म्हणून हवी होती. डिसेंबरमध्ये मेरिलचा तोटा एवढा निघाला की लुईस मागे हटायला निघाले, अर्थमंत्री पॉलसन आणि फेडचे बर्नान्की यांनी हटू दिलं नाही. सरकारने एकूण ४५ अब्ज डॉलर घातले, ते बँकेने २००९ च्या डिसेंबरमध्ये परत केले. पण ज्यांची घरं गेली त्यांची परत आली नाहीत. २०१४ मध्ये न्याय खात्याशी १६.६५ अब्ज डॉलरची तडजोड झाली, त्यातले ७ अब्ज घरमालकांना सवलतींच्या रूपात, म्हणजे खरेदी ४ अब्जाची आणि एकट्या या तडजोडीची रक्कम तिच्या चौपट. मधे २०११ मध्ये बाजाराचा विश्वास उडालेला असताना वॉरन बफेंनी ५ अब्ज डॉलर गुंतवले, ६ टक्के लाभांश आणि वर ७.१४ डॉलरला ७० कोटी शेअर्स घ्यायचा हक्क, त्यांचं फार मोठं भलं झालं.

ब्रायन मॉयनिहान २०१० पासून प्रमुख झाले आणि त्यांनी बरीच वर्षं नुसती आवराआवर केली, खरेदी बंद, नको ते विकून टाका. तशीही आता दुसरी चांगली चालती बँक घेता येत नाही, १९९४ च्याच कायद्यात लिहिलंय की देशातल्या एकूण ठेवींपैकी १० टक्क्यांच्या वर जाणारी खरेदी चालणार नाही आणि ही बँक त्या रेषेला कधीच टेकलेली आहे. वाढायचं तर नवीन शहरात शाखा काढून, एकेक खातं उघडून.

तर भाचीच्या प्रश्नाकडे परत. तुझा पगार जिथे येतो ती एन.ए., तिथल्या ठेवींना एफडीआयसीचं २,५०,००० डॉलरपर्यंत संरक्षण आहे, जॉइंट खातं असेल तर ते वेगळं मोजतात. मेरिलमध्ये शेअर्स, फंड घेतलेस तर त्याला एफडीआयसी नाही, तिथे एसआयपीसी नावाचं वेगळं संरक्षण, ५,००,००० डॉलरपर्यंत, तेही ब्रोकर बुडाला आणि तुझे शेअर्स गायब झाले तरच, भाव पडला म्हणून नाही. आणि कॉर्पोरेशनचा शेअर घेतलास तर तू वाड्याची भागीदार, नफा तुझा आणि आगही तुझी, त्याला कसलाच विमा नाही. २००६ च्या शेवटी हा शेअर ५० डॉलरच्या वर होता, मार्च २००९ मध्ये ३ डॉलरच्या आसपास आला, तिमाही लाभांश एका सेंटवर आला आणि पाच वर्षं तिथेच राहिला. त्याच काळात एन.ए.मधल्या एकाही ठेवीदाराचा एक डॉलरही गेला नाही.